ज्याने आवळले त्याची रेघ

सुटीच्या दिवशी सकाळी फोरमन अंगणात उतरले, तेव्हा त्यांची कंबर आधीच धरलेली होती. बस डेपोतून निवृत्त होऊन बराच काळ लोटला असला, तरी गल्लीत आणि दुकानांत ते अजून फोरमनच होते. आणि मुलीच्या डिझेल गाडीपुरते ते स्वतःलाही फोरमनच समजत. ही गाडी म्हणजे मुलीची नोकरी होती. ती नर्स होती, पण रुग्णालयातली नव्हे, घरोघर जाणारी. अंथरुणाला खिळलेल्या माणसांची मलमपट्टी करायची, इंजेक्शने द्यायची, नळ्या बदलायच्या. तिची माणसे शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विखुरलेली असत, आणि त्यांतला प्रत्येक जण तिच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला असे. उद्यापासून तिच्याकडे नदीपलीकडचा भागही येणार होता. तिकडे मोठी चढण होती, वस्ती विरळ होती, आणि गाडी बंद पडली तर हाक मारायलाही कोणी नव्हते.

म्हणून आज फिल्टर बदलायचा होता.

डिझेल दिसते तितके स्वच्छ नसते, हे फोरमनचे जुने मत. अर्धवट भरलेल्या टाकीत हवेतली वाफ निवते आणि पाणी साचते; तळाशी गंज आणि गाळ बसतो. हे सगळे इंजिनापर्यंत पोचू न देण्याचे काम एका लहानशा डब्यावर सोपवलेले असते. डब्याच्या पोटात घड्या घातलेला कागद असतो. कागद गाळ अडवतो, पाणी खाली उतरून बुडाशी जमते, आणि बुडाचा स्क्रू सैल करून ते मधूनमधून काढून टाकायचे असते. डेपोतल्या जुन्या बसगाड्या बरेच काही निमूटपणे पचवत. या नव्या गाड्या नाजूक प्रकृतीच्या. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या त्यांच्या इंजेक्टरची भोके केसाहून बारीक. तिथे पाण्याचा थेंब किंवा मातीचा कण गेला, की पुढचे सगळे हाताबाहेर जाते.

पाणी काढण्याची मधली पाळी या खेपेस कंबरेने चुकवली होती. त्याची रुखरुख मनात घेऊनच फोरमननी बॉनेट उघडले, टेकण लावले, आणि वाकण्यापूर्वी सवयीने पिवळ्या रेघेकडे पाहिले.

ती रेघ डेपोतली रीत होती. फिल्टर हाताने आवळून झाला, की वरच्या हेडपासून, म्हणजे फिल्टर जिच्यात आवळतात त्या बैठकीपासून, खाली फिल्टरच्या अंगावर पिवळ्या रंगाची एकच उभी रेघ ओढायची. पुढे फिल्टर सैल झाला किंवा कोणी उघडला, तर रेघ तुटते आणि चटकन दिसते. ज्याने आवळले त्यानेच रेघ ओढायची, हा तिथला दंडक होता. दुसऱ्याच्या कामावर आपली रेघ नाही, आणि आपल्या कामावर दुसऱ्याची नाही.

आज रेघ तुटलेली होती. हेडवरचा तुकडा जागच्या जागी होता. फिल्टरवरचा तुकडा मात्र बाजूला सरकून पार पाइपाच्या आडोशाला गेला होता. फोरमननी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले. फिल्टर सैल नव्हता. हाताने हलवला, तर ढिम्म हलेना. उलट तो आधीपेक्षा वर चढलेला दिसत होता. हेड आणि फिल्टर यांच्यातली फट अरुंद झाली होती. सैल झालेला फिल्टर खाली उतरतो. आपोआप वर चढलेला फिल्टर त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

"अगं," त्यांनी खिडकीकडे तोंड करून विचारले, "गाडीला कोणी हात लावला होता का?"

बायको खिडकीत ओले कपडे झटकत उभी होती. "गाडीला रोज तीच हात लावते. तिचीच आहे."

"फिल्टरबद्दल विचारतोय मी."

"तुमचा फिल्टर माझ्यासमोर ठेवलात, तर मी तो डबा म्हणून घासून पालथा घालीन. मला काय कळतंय त्यातलं?"

"कोणीतरी उघडून परत बसवलाय."

बायकोने हातातला टॉवेल दुसऱ्यांदा झटकला. तो पहिल्याच झटक्यात पुरेसा मोकळा झालेला होता. "ती उठली की विचारा तिला," ती म्हणाली. "आत्ता उठवू नका. आल्या आल्या तशीच आडवी झाली आहे. बूटसुद्धा मी काढले."

फोरमननी बॉनेट लावले. जुना फिल्टर काढण्याआधी नवा हाताशी असावा, ही शिस्त होती. तेव्हा प्रश्न बाजूला ठेवून ते पिशवी घेऊन निघाले.

कोपऱ्यावरचे सुट्या भागांचे दुकान एक बाई चालवत. मागे छतापर्यंत खोक्यांच्या चळती, समोर काचेचे टेबल, आणि टेबलामागे कानावर पेन अडकवलेल्या बाई. त्यांना फोरमनचा गाडी-नंबरही पाठ होता आणि बोलणेही.

"या काका. भाषण आधी देताय, की फिल्टर आधी काढू?"

"फिल्टर काढा. भाषण उभ्याने होत नाही हल्ली."

बाईंनी स्टूल पुढे सरकवले आणि दोन खोकी टेबलावर ठेवली. "हा स्वस्तातला. हा तुमच्या आवडीचा."

"आवडीनिवडीचा प्रश्न नाहीये," फोरमन बसत म्हणाले. "स्वस्तातल्यात कागद कमी असतो. घड्या विरळ. मग तो एक तर लवकर तुंबतो, नाहीतर बारीक गाळ पुढे जाऊ देतो. आणि एकदा इंजेक्टर गेला—"

"की मग कळतं, फिल्टर स्वस्त नव्हता म्हणून." बाईंनी वाक्य पुरे केले. "मी गिऱ्हाइकांना हेच ऐकवते, तुमचं नाव न घेता. निम्मे तरी स्वस्तातलाच नेतात."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे घरी विचारून येतो म्हणतात."

फोरमन हसले आणि कामाला लागले. फिल्टर निवडण्याची त्यांची पद्धत ठरलेली होती आणि तिच्यात ते कोणासाठी काटछाट करत नसत. आधी खोक्यावरचा क्रमांक पिशवीतल्या जुन्या खोक्याशी ताडून पाहिला. एक अक्षर वेगळे असले तरी आटे जुळतात आणि आतला कागद भलताच निघतो. मग तोंडावरचे झाकण घट्ट आहे ना, हे पाहिले. उघड्या तोंडाचा फिल्टर म्हणजे कोणीतरी हाताळलेला फिल्टर. मग तो तळहातावर तोलला. कडेची दुमड सगळीकडून सारखी आहे का, हे उजेडात फिरवून पाहिले. शेवटी झाकण काढून, मान वर करून, भलतीकडेच पाहत, त्यांनी तर्जनी तोंडाभोवतीच्या कडेवरून सावकाश फिरवली. हे डेपोतले वळण होते. रबरी रिंग पाहायची नसते, चाचपायची असते. बारीक चीर डोळ्याला दिसत नाही. ती बोटाला लागते.

"रिंग चांगली आहे," ते म्हणाले. "मऊ आहे. हाच द्या."

बाई बिल लिहीत होत्या. त्यांचे पेन थांबले. "कुठली रिंग?"

"हीच. फिल्टरची."

"काका, या कंपनीची रिंग हल्ली वेगळी येते." बाईंनी खोक्याच्या तळातून प्लास्टिकची छोटी पुडी काढली आणि टेबलावर ठेवली. तिच्यात रबराचे काळे वेटोळे होते. "ही बघा. तुम्ही बोट फिरवलंत ती नुसती खाच आहे."

फोरमननी खाली पाहिले. खाच रिकामी होती. पत्र्याची, कोरडी, चांगली खोल खाच होती. तिच्यात रिंग नाही हे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसले असते. त्यांनी पाहत पाहत पुन्हा बोट फिरवले. मग पुडी फोडून रिंग खाचेत बसवली आणि पुन्हा फिरवले. दोन्ही वेळा बोटाने एकच गोष्ट सांगितली. जाड सतरंजीखाली काहीतरी असावे, तसे काहीतरी आहे, एवढेच.

"गंमत केली तुमची," ते म्हणाले.

बाईंना फोरमनच्या सगळ्या गमती माहीत होत्या, आणि ही त्यांतली नव्हती. "बरं," त्या म्हणाल्या. बिल फाडून त्यांनी फिल्टर पिशवीत घातला. "पाणी देऊ का जरा?"

"नको. घरी जातो."

घर जवळ होते, पण फोरमन वाटेत बंद दुकानाच्या पायरीवर बसले. यंत्र बिघडले, की आधी काय दिसते ते मांडायचे, मग त्याचे कारण शोधायचे; मध्ये रागलोभ आणायचा नाही. फिल्टर वर चढला होता. म्हणजे त्याच्या आणि हेडच्या मध्ये आधी काहीतरी जास्तीचे होते, आणि ते कोणीतरी काढले. तिथे जास्तीचे असण्यासारखी वस्तू एकच. जुना फिल्टर उतरवताना जुनी रिंग कधीकधी चपटी होऊन हेडलाच चिकटून राहते, काळ्यावर काळी. तिच्यावर नवी रिंग बसली, की दोन रिंगांचा सांधा होतो, आणि तो आज ना उद्या हवा घेतो. डिझेल बाहेर गळत नाही, कारण तिथे पंप ओढत असतो. हवा आत शिरते. खाली ओल नाही, वास नाही. चढणीवर ताकद जाते आणि गाडी गप्प होते. हे टाळण्यासाठीच नवा फिल्टर लावण्यापूर्वी हेडवर बोट फिरवायचे असते. डेपोत त्यांनी ज्या ज्या माणसाला हे काम शिकवले, त्याचे बोट त्यांनी स्वतःच्या हाताने धरून हेडवर फिरवले होते.

मागच्या खेपेसही त्यांनी बोट फिरवले होते. अगदी सावकाश. बोटाने सांगितले होते, काही नाही.

ते उठले. पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि चालू लागले.

घरी मुलगी उठली होती. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, एक पाय खुर्चीवर घेऊन, ती चहाच्या कपाकडे नुसती पाहत बसली होती. तिच्या चेहऱ्यावर उशीचा वळ होता. बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती, आणि त्या पाठीवरूनच फोरमननी ओळखले, की मायलेकींचे बोलणे होऊन गेले आहे.

त्यांनी फिल्टर टेबलावर ठेवला. "गाडी कुठे थांबली होती?"

मुलीने कप खाली ठेवला. "आईने सांगितलं?"

"मी काही सांगितलं नाही," बायको न वळता म्हणाली.

"फिल्टरने सांगितलं," फोरमन म्हणाले. "कुठे थांबली होती?"

"उड्डाणपुलाच्या चढावर." तिने डोळे चोळले. "पलीकडे ते शाळेचे निवृत्त शिपाई आहेत ना, पाठीच्या दुखण्याचे, त्यांच्या इंजेक्शनची वेळ होती. मागून ट्रक, पुढून ट्रक. एका ड्रायव्हरने ढकलून कडेला लावून दिली. मग मी होईलला फोन केला."

होईल म्हणजे मोठ्या रस्त्यावरचा गॅरेजवाला. कोणतेही काम नेले, तरी तो "होईल" एवढेच म्हणायचा आणि कधी ते सांगायचा नाही. त्यावरून त्याला हे नाव पडले होते. फोरमनचे त्याच्याविषयीचे मत त्या नावापलीकडे कधी गेले नव्हते.

"दोन रिंगा होत्या," फोरमन म्हणाले.

"हो."

"आणि ते शिपाई?"

"वाट बघत होते. काय करणार. रडत होते मी पोचले तेव्हा. रागावले असते तर बरं झालं असतं."

ओट्याशी नळ चालू झाला आणि लगेच बंद झाला. फोरमन खुर्ची ओढून बसले. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं, बाबा? तुम्ही ऐकून घेतलं असतं. मग पुढच्या वेळी दुप्पट काळजीने केलं असतं. आणि मग मला तुमच्या काळजीची काळजी." ती थांबली. "तेवढं त्राण नव्हतं माझ्यात. दिवसभर लोकांना समजावते मी. हे औषध घ्या, तो हात हलवा, उठायचा प्रयत्न करा. घरी येऊन परत तेच..."

"मग आज मी बदलणार होतो, त्याचं काय ठरवलं होतंस?"

मुलीने आईच्या पाठीकडे पाहिले. तिथून काही मदत येण्याचे लक्षण नव्हते.

"उद्या सकाळी जाता जाता होईलकडे थांबणार होते. तो उघडून बघणार होता. सांगून ठेवलंय त्याला."

"म्हणजे मी लावायचा, आणि त्याने काढून परत लावायचा."

"हो."

"आणि मला कळू द्यायचं नाही."

"तुम्हाला बरं वाटतं ना ते करून. तेवढंच तर राहिलंय, असं तुम्हीच म्हणाला होतात एकदा."

मुलगी उठली, आपल्या कामाच्या पिशवीतून कापसाचा बोळा घेऊन आली आणि त्यांच्यासमोर बसली. "हात द्या. डोळे मिटा. लागलं की आता म्हणा."

"तू आज सुटीवर आहेस."

"मिटा डोळे."

त्यांनी मिटले. बाहेर कोणाची तरी सायकल खडखडत गेली. त्यांना मनगटाशी काहीतरी हलके लागले. "आता," ते म्हणाले. तळहाताशी, पुन्हा "आता." मग बराच वेळ काही नाही. त्यांनी वाट पाहिली. आपण परीक्षेला बसलो आहोत आणि प्रश्नपत्रिका दुसऱ्याच कोणाला वाटली जात आहे, असे काहीसे त्यांना वाटले. शेवटी तर्जनीच्या टोकाशी काहीतरी जाणवले आणि ते म्हणाले, "आता."

डोळे उघडले, तेव्हा कापूस टेबलावर होता आणि मुलीचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते.

"कधीपासून?" तिने विचारले.

"काय माहीत. असं काही एका दिवशी होतं का."

"चहाचं गरम पातेलं हातानं उचलतात," बायको म्हणाली. आता ती वळली होती. "फडकं न घेता. मला वाटायचं, मर्दुमकी दाखवतात या वयात. मी उगाच कौतुक करत राहिले."

मुलगी हसली, आणि हसता हसता तिने कपाळ हातांत धरले. "साखरेने होतं असं. तपासून घेऊ. मला आधीच लक्षात यायला पाहिजे होतं. परक्यांच्या पायांना सुया टोचून बघते मी रोज."

"घरी येऊन परत तेच," फोरमन म्हणाले.

"तेच."

मग ते असे काही बोलले, जे बोलण्याचा त्यांचा बेत नव्हता. "मला त्याचा कंटाळा येतो," ते म्हणाले. "खरं सांगतो. ते वाकणं, ते डिझेल अंगावर सांडणं, दोन दिवस कंबर न धरता चालता न येणं. आदल्या दिवसापासून नको वाटतं मला. पण तुला आधार वाटतो, बाबा बघताहेत म्हणून. मग म्हटलं, करू."

बायकोने ओले हात पदराला पुसले.

"छान," ती म्हणाली. "एकाला करायचं नाही, दुसरीला करून घ्यायचं नाही, आणि गाडी बिचारी दोघांच्या तोंडाकडे बघतेय. उठा दोघंही. जेवा, आणि घेऊन जा ती त्या होईलकडे. मला दुपारी जरा घर मोकळं पाहिजे."

दुपारी मुलीने गाडी काढली. फोरमन शेजारच्या जागेवर बसले, मांडीवर नवा फिल्टर, आणि खिशात पिवळ्या रंगाची लहान बाटली. ती का घेतली, हे त्यांनाही नीट सांगता आले नसते. वाटेत मुलीने एकदा जांभई दिली, मग पुन्हा एकदा दिली, आणि सिग्नलपाशी क्षणभर तिचे डोळे मिटलेले त्यांना दिसले.

"हिरवा," ते म्हणाले.

"दिसतोय."

होईलच्या गॅरेजचे शटर अर्धे खाली होते. तो आत टायरवर बसून डबा खात होता. गाडीचा आवाज ऐकून तो वाकून बाहेर आला, फोरमनना पाहून थबकला, आणि त्याने हात पँटला पुसले.

"गाडी उद्या सकाळी येणार होती ना?"

"आज आणली," फोरमन उतरत म्हणाले. "मधली पायरी वगळली."

होईलने मुलीकडे पाहिले. तिने खिडकीतून मान डोलावली. तो ओशाळला. "साहेब, मी तेव्हाच तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. पण हिंमत झाली नाही. तुम्ही उलट मलाच विचारलं असतंत, हेडवर बोट फिरवून बघितलंस का."

"विचारलं असतं."

"मग?"

"मग काय. तू जेवून घे आधी."

"झालंच आहे माझं."

फोरमन त्याच्याच टायरवर बसले. आयुष्यात पहिल्यांदा ते गॅरेजमध्ये गिऱ्हाइकाच्या बाजूला बसले होते, आणि ती जागा त्यांना वाटली होती त्यापेक्षा सखल होती. तिथून हात दिसत, पण हातांत काय चालले आहे ते दिसत नव्हते. गाडीत मुलीने खुर्चीची पाठ मागे लोटली.

होईलने बॉनेट उघडले. खाली तसराळे ठेवले, बुडाचा स्क्रू सैल केला, आणि आधी आलेले डिझेल काचेच्या बरणीत धरून फोरमनच्या हातात दिले. बरणीच्या तळाशी वेगळा थर होता, धूसर आणि जड.

"पाणी," फोरमन म्हणाले. "मधली पाळी चुकली माझी."

"पुढच्या चढणीला धक्के दिले असते हिने," होईल म्हणाला. मग त्याने जुना फिल्टर उतरवला, उलटा करून त्याच्या तोंडाची रिंग फोरमनना दाखवली, आणि ती काढून वेगळी ठेवली. खिशातून त्याने छोटा दिवा काढला, बॉनेटच्या कडेला अडकवला, आणि हेडवर उजेड पाडला. कपड्याने पुसले. पाहिले. मान तिरकी करून दुसऱ्या बाजूने पाहिले. आणि मग बोट फिरवले.

फोरमन त्या दिव्याकडे पाहत राहिले. डेपोत गाड्यांखाली काम करायला जो लांबट खड्डा होता, त्यातला दिवा कायम बंद असायचा. बल्ब मागवलेला असायचा आणि आलेला नसायचा. पहिल्या दिवशी त्यांच्या वरिष्ठांनी त्यांचे बोट धरून हेडवर फिरवले होते आणि सांगितले होते, की डोळ्यांवर विसंबू नकोस. त्यांनी तेच पुढच्यांना सांगितले. सांगता सांगता त्याचे शास्त्र झाले. बोट डोळ्यापेक्षा खरे आहे म्हणून नव्हे, तर खड्ड्यात दिवा नव्हता म्हणून ते बोट होते, हा विचार त्यांना इतक्या वर्षांत एकदाही सुचला नव्हता. एखादा साधा दिवा खिशात असता, तर पुलावर ट्रक थांबले नसते.

"साफ आहे," होईल म्हणाला.

"एकदा अजून."

होईलने तक्रार न करता बोट पुन्हा फिरवले. मग नव्या रिंगेला डिझेलचा हात लावला, ती खाचेत नीट बसवली, आणि फिल्टर आट्यांवर चढवला. रिंग टेकेपर्यंत तो सहज फिरला. पुढे त्याने पान्याकडे हात नेला नाही. नुसत्या हाताने, दात न खाता, हवा तितकाच आवळला. फोरमननी नकळत स्वतःची मूठ आवळली होती. ती त्यांनी सोडली.

"रंग आणलाय मी," ते म्हणाले आणि बाटली पुढे केली.

"द्या. तुम्ही ओढा ना, साहेब. तुमची रेघ आहे."

"ज्याने आवळलं त्याची रेघ." फोरमननी बाटली त्याच्या हातात ठेवली. "सरळ ओढ. तुझ्या नावावर आहे ती आता."

होईलने जिभेचे टोक बाहेर काढून रेघ ओढली. ती थोडी वाकडी आली. फोरमनच्या ओठांवर काहीतरी आले, आणि ते त्यांनी तिथेच थांबवले.

आता फक्त हवा काढायची राहिली होती. फिल्टरच्या डोक्यावर दाबायचा छोटा पंप होता; तो दाबत राहिले, की टाकीतले डिझेल वर येऊन फिल्टर भरतो, आणि भरला, की पंप हाताला घट्ट लागतो. होईल पुढे झाला, तेव्हा फोरमन उठले.

"हे मी करतो. याला बोट लागत नाही."

त्यांनी तळहात पंपावर ठेवला आणि दाबायला सुरुवात केली. आधी तो पोकळ होता, नुसता खाली-वर होणारा. हळूहळू त्यात जीव आला. कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत त्यांना ते कळत गेले. शेवटी पंप दगडासारखा झाला आणि दबेना.

"भरला," ते म्हणाले.

"मग मारूया स्टार्टर," होईल म्हणाला. "चावी ताईंकडे आहे." तो गाडीच्या खिडकीशी गेला आणि तसाच मागे फिरला. "झोपल्यात साहेब. उठवू?"

फोरमननी काचेतून आत पाहिले. मुलीचे तोंड किंचित उघडे होते. चावी गाडीला लावलेलीच होती आणि तिचा एक हात स्टिअरिंगवर पडलेला होता, जणू झोपेतही तिला कुठेतरी वेळेवर पोचायचे होते.

"नको," ते हळू आवाजात म्हणाले. "तसंही थांबायलाच पाहिजे. थोड्या वेळाने पंप पुन्हा दाबून बघायचा. मऊ लागला, तर कुठून तरी हवा शिरतेय. घट्टच राहिला, तर सांधा पक्का."

"हे मी कधी करत नाही," होईल म्हणाला. "लगेच स्टार्टर मारतो."

"आज कर."

दोघे टायरवर शेजारी बसले. होईलने डब्यातला उरलेला घास पुढे केला; फोरमननी नको म्हटले, मग घेतला. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, आणि शटरची सावली गाडीच्या चाकावरून सरकत दारापर्यंत आली. फोरमनना स्वतःलाही डुलकी लागल्यासारखे झाले. अशा वेळी एरवी ते हातांत काहीतरी काम घेत. आज हात मांडीवर तसेच होते.

बऱ्याच वेळाने ते उठले. कंबरेवर हात ठेवून, बॉनेटच्या कडेशी टेकून, त्यांनी पंपावर तळहात ठेवला आणि दाबला. मग पुन्हा, जोर लावून दाबला.

पंप हलला नाही.

त्यांच्या हालचालीने गाडी किंचित डोलली. आत मुलीने अर्धा डोळा उघडला. "झालं का?" तिने विचारले. आवाज झोपेने जड झाला होता.

फोरमन खिडकीशी आले. मागे होईल काहीतरी बोलणार होता. त्याच्या आधी तेच म्हणाले:

"होईल. तू झोप अजून जरा."

तिने डोळा मिटला.